रात्रीच्या डोंगरवाटेवर सायकलसाठी छोटा टॉर्च कसा निवडावा

मार्च उजाडला की पुण्याच्या टेकड्यांवर, नाशिकच्या माळांवर, साताऱ्याच्या पठारी वाटांवर सकाळी नऊनंतर सायकल चालवणं जिकिरीचं होतं. नोकरी करणाऱ्याच्या हाती तसाही सकाळचा वेळ लागत नाही. त्यामुळे पहाटे चारला निघणारे किंवा संध्याकाळी सातनंतर टेकडी गाठणारे सायकलस्वार आता बरेच दिसतात. डांबरी रस्त्यावर सायकलचा साधा दिवा चालून जातो. मुरमाच्या गाडीवाटेवर, ओढ्याच्या उतारावर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर तो अपुरा पडतो. तिथे चर, मोकळी खडी, वर आलेलं मूळ, रुतलेला दगड हे सगळं ब्रेक लावायला वेळ उरेल इतक्या आधी दिसायला हवं.

डोंगरी सायकलिंगसाठी खास बनवलेले मोठे दिवे मिळतात. वेगळा बॅटरीचा डबा, त्यातून येणारी वायर, दोन-तीन भिंगांचा दिवा असा तो संच असतो. शर्यतीत उतरणाऱ्याला तो लागतो. आठवड्यातून एखादी रात्रीची फेरी मारणाऱ्याचं काम मात्र तळहातात मावणाऱ्या टॉर्चवर छान भागतं. तोच टॉर्च ट्रेकला चालतो, गावी वीज गेली की चालतो आणि सेल बदलता येत असल्याने वर्षानुवर्षं वापरता येतो. अट एकच, तो नीट निवडलेला हवा. खोक्यावरचा लुमेनचा मोठा आकडा बाजूला ठेवायचा आणि तुमच्या वेगाला लागेल तितक्या अंतरावर, तुमची फेरी संपेपर्यंत, सारखा उजेड देणारा टॉर्च शोधायचा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

१. आधी स्वतःचा वेग आणि वेळ मोजा

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: उतारावर तुमचा जास्तीत जास्त वेग किती असतो, अंधारात सलग किती तास चालवता, आणि वाट कशी आहे.

वेगावरून अंतर ठरतं. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. दगड दिसणं, मेंदूने तो ओळखणं आणि बोटांनी ब्रेक दाबणं यात दीड सेकंद गेला तर तेवढ्यात सायकल आठ मीटर पुढे गेलेली असते. मोकळ्या मुरमावर ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी पाच मीटर जातात. म्हणजे एकूण तेरा-चौदा मीटर. ताशी ३० ला हाच हिशोब २४ मीटरच्या आसपास जातो, कारण वेग दीडपट झाला की ब्रेकचं अंतर सव्वादोनपट होतं. दगडधोंड्यांच्या पायवाटेवर ताशी दहा-बारानेच चालवत असाल तर सहा-सात मीटरही पुरतात. तीव्र उतारावर ब्रेक आणखी उशिरा धरतात, म्हणून निघालेल्या आकड्याची दुप्पट धरा. ताशी २० ला २५ ते ३० मीटर, ताशी ३० ला ५० मीटर. इतक्या अंतरावरचा दगड तुम्हाला स्पष्ट दिसला पाहिजे.

वेळेच्या बाबतीत खरा आकडा लिहा. टेकडीवर सव्वा तासाची फेरी असेल तर सेल दोन तासांचा हवा, कारण पंक्चर होतं, सोबतचा मागे राहतो, वाट चुकते. रात्रभर चालवणाऱ्यांचा हिशोब वेगळा, त्यांना जादा सेल सोबत ठेवावेच लागतात.

२. खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, मग तो कुठेही पडो. कँडेला म्हणजे झोताच्या मध्यभागी, एका दिशेला तो किती एकवटलाय याचं माप. एकाच लुमेनचे दोन टॉर्च घेतले तर एक चार मीटरचा रुंद पट्टा उजळतो आणि दुसरा शंभर मीटरवरचं झाड दाखवतो. सायकलला या दोन्हींच्या मधला झोत लागतो: मध्यभागी दूर जाणारा ठळक गोळा आणि त्याच्या बाजूला हळूहळू विरत जाणारा रुंद उजेड, म्हणजे वळणाची आतली बाजूही दिसते.

चांगल्या कंपन्या खोक्यावर ‘एएनएसआय एफएल १’ या मानकानुसार आकडे छापतात. हे मानक २००९ साली आलं आणि त्यामुळे कंपन्यांची तुलना शक्य झाली. पण ते वाचण्याची एक रीत आहे. झोताचं अंतर म्हणून जे मीटर छापतात, त्या अंतरावर उजेड फक्त पाव लक्स (लक्स म्हणजे समोरच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरलेला असतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात माणूस चालू शकतो, ताशी २५ ने सायकल चालवू शकत नाही. म्हणून छापलेल्या मीटरवरून कँडेला काढा. मीटरचा निम्मा करा आणि त्या आकड्याला त्यानेच गुणा. २०० मीटर लिहिलं असेल तर निम्मे १००, आणि १०० गुणिले १०० म्हणजे १०,००० कँडेला. आता हव्या त्या अंतरावर किती लक्स पडतील ते काढायचं तर कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागा. २५ मीटरवर १०,००० भागिले ६२५, म्हणजे १६ लक्स. गल्लीतल्या बऱ्या पथदिव्याखाली साधारण एवढाच उजेड असतो आणि त्यात खडी आणि खड्डा वेगळे ओळखू येतात. ५० मीटरवर तोच टॉर्च चार लक्स देतो. तेवढ्यात वाट कुठे वळते ते कळतं, दगड मात्र जवळ आल्यावरच ओळखू येतो.

इथे आणखी एक खाच आहे. हे मीटर सहसा टॉर्चच्या सगळ्यात वरच्या पातळीवर मोजलेले असतात. तुम्ही तासभर ज्या पातळीवर चालवणार ती त्याच्या चौथा हिस्सा असेल तर कँडेलाही चौथा हिस्सा होतात आणि अंतर निम्मं.

‘रन टाइम’चा आकडा तर याहून सांभाळून वाचावा. या मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात आणि सुरुवात म्हणजे टॉर्च लावल्यावर तिसाव्या सेकंदाचा उजेड. ‘१००० लुमेन, ५ तास’ याचा अर्थ पहिली दोन मिनिटं १०००, पुढचे तीन तास ३०० आणि मग शेपटासारखा घसरत गेलेला उजेड, असाही असू शकतो. मानक पाळूनच हे छापता येतं. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात वेळेनुसार उजेड दाखवणारा आलेख आहे का ते पाहा. त्या आलेखात मधे लांबलचक सपाट रेषा असेल तर तो टॉर्च विचारात घ्या. ती रेषा किती लुमेनवर आहे, तोच तुमच्यासाठी खरा लुमेन.

आकड्यांत सांगायचं तर हँडलवरच्या टॉर्चला टिकाऊ ५०० ते ८०० लुमेन आणि त्या पातळीला पाच ते दहा हजार कँडेला असले की आपल्याकडच्या बहुतेक वाटांवर भागतं. डोक्यावरच्याला २०० ते ४०० लुमेन पुरतात, पण त्याचा झोत अरुंद हवा.

पुढे-मागे सरकणाऱ्या भिंगाचे, म्हणजे ‘झूम’चे टॉर्च घेऊ नका. झोत आवळला की बाजूचा उजेड पूर्ण जातो आणि समोर एलईडीचा चौकोनी ठिपका उरतो. मोकळा केला की दूरचं काहीच दिसत नाही. सरकत्या भागातून पाणी आणि धूळ आत जाते ती वेगळीच. खोलगट चकचकीत वाटीचा रिफ्लेक्टर किंवा पूर्ण भरीव भिंग, यांतलं कुठलंही चालेल. रिफ्लेक्टर किंचित खरबरीत, संत्र्याच्या सालीसारखा असेल तर झोताच्या कडा मऊ होतात आणि डोळ्यांना त्रास कमी होतो.

३. सेल: सर्वात जास्त फसवणूक इथेच

लहान टॉर्चमध्ये प्रामुख्याने दोन मापांचे लिथियम-आयन सेल येतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर व्यास आणि ७० मिलिमीटर लांबी. दोन्हींचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट.

खऱ्या १८६५० सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) आसपास संपते. बाजारात त्यावर ६८००, ९९००, १२००० असे आकडे छापून विकतात. ते सगळे खोटे, एकही अपवाद नाही. २१७०० मध्ये ५००० एमएएच हा आजचा नेहमीचा चांगला आकडा आहे. वजनावरूनही कळतं. खरा १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा आणि २१७०० साधारण ७० ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर १८६५० तीसएक ग्रॅम भरला तर तो परत करा. आत अर्धवट भरलेला माल आहे. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढून नवं वेष्टन चढवलेले सेलही फिरतात. त्यांच्या टोकांवर वेल्डिंगचे बारीक डाग असतात, उजेडात धरून नीट पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम-आयन सेलना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे आणि त्याचं मानक आयएस १६०४६. वेष्टनावर ते चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा क्रमांक शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन घेणार असाल तर बिल मागा आणि काउंटरवरच वजन व व्होल्टेज तपासून घ्या. जाणकार दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

आता एक हिशोब, जो मला या सगळ्यात सर्वात उपयोगाचा वाटतो. ५००० एमएएचचा २१७०० सेल म्हणजे ५ अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट, म्हणजे १८ वॉट-तास ऊर्जा. चांगला टॉर्च एका वॉटमागे साधारण १०० लुमेन बाहेर टाकतो. तेव्हा एका सेलमध्ये एकूण १८०० ‘लुमेन-तास’ आहेत: ६०० लुमेन तीन तास, किंवा ९०० लुमेन दोन तास. १८६५० मध्ये हाच आकडा साधारण १२५०, म्हणजे ६०० लुमेन दोन तास. टॉर्च कितीही महागडा असला तरी तो या गणिताच्या फार पुढे जाऊ शकत नाही. ‘एका सेलवर २००० लुमेन सहा तास’ असं लिहिलेलं दिसलं की १२,००० लुमेन-तास कुठून येणार हा प्रश्न विचारा आणि पुढच्या टॉर्चकडे वळा.

तुमच्या कागदावरचे तास आणि हा हिशोब जुळवलात की सेलचं माप आपोआप ठरतं. मला विचाराल तर हँडलवर २१७०० आणि डोक्यावर १८६५०. डोक्यावर वीस-पंचवीस ग्रॅमचाही फरक तासाभराने मानेला कळतो.

सेल बदलता येणारा टॉर्चच घ्या. आत कायमचा बसवलेला सेल दोन-तीन वर्षांत थकला की अख्खा टॉर्च टाकावा लागतो, आणि डोंगरात सेल संपला तर दुसरा घालता येत नाही. टाइप-सी चार्जिंग टॉर्चलाच असेल तर सोय होते, पण त्या भोकावरची रबरी टोपी घट्ट बसते का ते पाहा. जादा सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा. किल्ल्यांच्या खिशात सुटा सेल टाकला आणि त्याची टोकं जोडली गेली तर खिशातच पेट घेऊ शकतो. विमानाने सायकल घेऊन हिमाचल-लडाखला जाणार असाल तर सुटे सेल केबिनच्या बॅगेत ठेवावे लागतात, सामानात चालत नाहीत.

४. गरम झाल्यावर तो काय करतो

मुठीएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत २००० लुमेन पेटवले की दीड-दोन मिनिटांत ती हातात धरवत नाही. मग आतलं सर्किट उजेड उतरवतं. काही टॉर्च हळूच उतरवतात, काही एका झटक्यात निम्म्यावर आणतात. ऐन उतारावर असा झटका बसला तर क्षणभर आंधळ्यासारखं होतं. म्हणून सर्वात वरची पातळी नसल्यागत धरा. पातळ्यांची रचना पाहताना ५०० ते ८०० च्या दरम्यान एक पातळी आहे का हे बघा. बऱ्याच टॉर्चमध्ये ३०० नंतर थेट १५०० येतात. सायकलला असा टॉर्च गैरसोयीचा.

सायकलवर वारा लागतो, ही जमेची बाजू. हातात धरून चालताना जो टॉर्च तापून उतरतो तोच ताशी पंधराच्या वाऱ्यात जास्त वेळ टिकतो. मात्र मे महिन्यात रात्री नऊलाही हवा ३२ अंशांची असते आणि चढावर वेग सात-आठवर येतो. चढताना एक पातळी खाली या. तिथे तसाही जास्त उजेड लागत नाही, आणि वाचलेली ऊर्जा उतारावर कामी येते.

५. उजेडाचा रंग

निळसर पांढरा, म्हणजे ६५०० केल्विनचा उजेड आकड्यांत जास्त लुमेन दाखवतो म्हणून स्वस्त टॉर्चमध्ये तोच असतो. आपल्या लाल-तपकिरी मातीवर तो सगळं एकसारखं राखाडी करून टाकतो. मुरूम, मुरमावरचा सुटा दगड आणि वाळलेलं गवत यांचा रंग एकच दिसू लागतो. ४००० ते ५००० केल्विनचा, म्हणजे दुपार कलल्यावरच्या उन्हाजवळ जाणारा उजेड घ्या. रंग खरे दाखवण्याची क्षमता ‘सीआरआय’ या आकड्यात सांगतात. ९० च्या पुढचा मिळाला तर उत्तम, ७० असला तरी अडत नाही. थोडे लुमेन कमी झाले तरी मी रंगाच्या बाजूने कौल देईन. जांभ्याच्या सड्यावर हा फरक पहिल्याच फेरीत दिसतो.

पिवळा उजेड धुकं भेदतो, असा समज आहे. धुक्याचे थेंब सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात फरक पडतो तो दिवा कुठे लावलाय याने. त्याबद्दल पुढे.

६. अंग, बटण, पाणी

डोंगरी सायकलला बसणारे हादरे टॉर्चला चालणाऱ्या माणसाच्या हातात कधीच बसत नाहीत. सेल एका बाजूला स्प्रिंगवर आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या पितळी बटणावर टेकलेला असेल तर दगडावरून उडी बसताच क्षणभर संपर्क तुटतो. टॉर्च विझतो किंवा पातळी आपोआप बदलते. दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला टॉर्च घ्या. दुकानात टॉर्च लावून त्याचं मागचं टोक तळहातावर जोरात आपटा, चार-पाच वेळा. उजेड लुकलुकला तर तो सायकलसाठी नव्हे. चपट्या टोकाचा सेल लागतो की उंचवट्याचा, तेही विचारून घ्या. चुकीचा सेल घातला की हाच त्रास होतो.

बटण कडेला असलेलं बरं. हँडलवर लावल्यावर ते अंगठ्याला वरून सापडतं. शेपटीवरचं बटण हँडलवर हात लांब करून दाबावं लागतं. हातमोजे घालून बटण चाचपून बघा. एका दाबात पुढची पातळी आली पाहिजे. चक्रात मधेच लुकलुक मोड येत असेल तर टॉर्च नाकारा. वाट अवघड असताना चुकून तो लागला की सगळं हलताना दिसतं आणि अंतराचा अंदाज पूर्ण चुकतो. सेल किती उरलाय हे दाखवणारा बटणातला रंगीत ठिपका फार कामाचा असतो.

पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सहन होतात. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीत पावसाळ्यात चालवणार असाल तर ७ च्या खाली जाऊ नका. आयपी६८ असेल तर धुळीचीही काळजी मिटते, आणि आपल्याकडे आठ महिने फुफाटाच असतो.

७. हँडलवर एक, डोक्यावर एक

पैसे एकाच टॉर्चपुरते असतील तर तो हँडलवर लावा. जमिनीतला खड्डा आपल्याला सावलीमुळे दिसतो. दिवा डोळ्यांच्या खाली असला की दगडामागे पडलेली सावली आपल्याला वरून दिसते, चराची कड उठून दिसते. दिवा डोळ्यांच्या रेषेत आला की सावली दगडामागेच लपते आणि खडबडीत वाट सपाट भासते. नुसता हेल्मेटवरचा दिवा लावून उतरणारे जिथे फसतात ते इथेच.

डोक्यावरच्या टॉर्चचं काम वेगळं. हँडल जिकडे वळलंय तिकडेच हँडलचा झोत जातो, नागमोडी वाटेच्या पुढच्या वळणात तो पोचत नाही. तुम्ही मान वळवलीत की डोक्यावरचा तिथे पोचतो. पंक्चर काढताना, चेन बसवताना हात मोकळे राहतात. आणि जनावरांचे डोळे चमकताना दिसतात ते डोक्यावरच्या दिव्यातच, कारण त्यांच्या डोळ्यांतून उजेड आल्या दिशेलाच परत जातो आणि तो टिपायला दिवा आपल्या डोळ्यांजवळ असावा लागतो. वाटेवर बसलेली गाय, कुत्रा, क्वचित बिबट्याही असा आधी दिसतो. म्हणून दुसरा टॉर्च घ्यायला जमलं की जरूर घ्या, आणि तो १२० ग्रॅमच्या आतला असू द्या. काटकोनात वाकलेल्या डोक्याचे टॉर्च हेल्मेटवर छान बसतात.

हेल्मेटवर टॉर्च वेलक्रोने बांधा, झिप टायने आवळू नका. करवंदीच्या जाळीत किंवा खाली आलेल्या फांदीत अडकला तर टॉर्च निघून पडायला हवा, मान ओढली जायला नको.

हँडलसाठी रबरी पट्ट्याचा माउंट सर्वात भरवशाचा. हँडलचा व्यास मधे, हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमजवळ ३१.८ किंवा नव्या सायकलींत ३५ मिलिमीटर असतो आणि मुठीकडे २२.२, त्यामुळे माउंट कुठे बसणार ते आधी मोजा. प्लॅस्टिकचे स्क्रूवाले स्वस्त माउंट हादऱ्यांनी सैल होतात आणि टॉर्च मान टाकतो. जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा हँडलभोवती गुंडाळून त्यावर माउंट आवळलात तर सरकणं थांबतं. त्याखेरीज टॉर्चच्या दोरीचं टोक ब्रेकच्या केबलला बांधून ठेवा.

कोन असा लावा. सपाट जागी सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, कुणाला तरी वर बसवा. टॉर्च जमिनीपासून एक मीटर उंचीवर असेल तर झोताचा गोळा भिंतीवर ६५ ते ७० सेंटिमीटर उंचीवर पडला पाहिजे. मग वाटेवर तो साधारण पंधरा मीटरवर टेकतो आणि त्याचा वरचा फिका भाग पुढचं दाखवतो. अनेकजण भीतीने टॉर्च खाली झुकवतात. चाकापुढच्या तीन मीटरवर भगभगीत उजेड पडला की डोळ्यांची बाहुली आवळते आणि त्यापलीकडे काळाकुट्ट अंधार भासतो. उलट तो भाग थोडा फिका ठेवला तर दूरचं जास्त दिसतं. डोक्यावरच्याचा गोळा हँडलच्या गोळ्याच्या थोडा पुढे टेकवा.

धुक्यात आणि पुढच्या सायकलच्या धुळीत डोक्यावरचा आधी बंद करा. त्याचा उजेड डोळ्यांसमोरच्याच थेंबांवर आपटून परत येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. हँडलवरचा एक पातळी खाली आणा, किंचित झुकवा, वेग कमी करा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर हे वारंवार करावं लागतं, म्हणून बटण न बघता सापडलं पाहिजे.

८. घरी तपासणी, मग वाट

टॉर्च आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत ही परीक्षा घ्या. सेल पूर्ण चार्ज करा. टॉर्च पंख्यासमोर ठेवून तुम्ही वापरणार ती पातळी लावा. झोत छतावर पडू द्या. मोबाइलमध्ये लक्स मोजणारं मोफत अ‍ॅप घ्या, मोबाइल एकाच जागी पडदा वर करून न हलवता ठेवा आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण घसरण मात्र खरी दाखवतो. सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर उजेड कधी आला तो वेळ तुमच्या फेरीपेक्षा जास्त असेल तर टॉर्च ठेवा. संपत येताना तो कसा वागतो तेही पाहा. चांगला टॉर्च इशारा देऊन मंद पातळीवर अर्धा तास तरी तगतो. काही एकदम विझतात, आणि ते कळायची जागा घाटातली नव्हे.

पहिल्यांदा बाहेर नेताना दिवसा पाठ असलेल्या वाटेवर न्या. निघण्याआधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. मोबाइलचा पडदा मंद ठेवा. मागचा लाल दिवा आणि परावर्तक पट्टी लावा, कारण टेकडीपर्यंतचा रस्ता गाड्यांचाच असतो. टॉर्चचा झोत गोल असतो, वरचा उजेड कापलेला नसतो. समोरून दुचाकी आली तर चालवणाऱ्याचे डोळे दिपतात. डांबरावर आलात की पातळी उतरवा आणि टॉर्च खाली झुकवा. शेताला पाणी द्यायला रात्रीच्या विजेवर निघालेला शेतकरी किंवा मेंढरं घेऊन बसलेला धनगर वाटेत भेटतो, त्याच्या तोंडावर झोत मारू नका. थांबा, दिवा जमिनीकडे करा, राम राम घाला.

राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांत सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय जाऊ नका. इतर वनक्षेत्रातही आधी वनखात्याच्या चौकीवर विचारा. जुन्नर, अकोले, नाशिक पट्ट्यातल्या उसाच्या कडेने रात्री एकट्याने जाणं टाळा. तिघे-चौघे असाल आणि बोलत जात असाल तर जनावर सहसा आधीच बाजूला होतं.

९. घरी परतल्यावर

टॉर्च थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा, आणि जागे असतानाच. वेष्टन फाटलेला, फुगलेला किंवा चार्ज होताना खूप तापणारा सेल पुन्हा वापरू नका. तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका. पुढचे दोन-तीन महिने फेरी नसेल तर सेल निम्मा चार्ज ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा. उन्हात उभ्या गाडीत टॉर्च विसरला की सेलचं आयुष्य झपाट्याने घटतं. मागच्या झाकणाच्या आट्यांतली धूळ कापडाने पुसा, रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचा थेंब लावा.

बॅगेत टाकण्याआधी झाकण पाव फेरा सैल करा. बहुतेक चांगल्या टॉर्चमध्ये तेवढ्याने विद्युतप्रवाह तुटतो. बटण चुकून दाबलं गेलं आणि हजार लुमेनचा टॉर्च कपड्यांत दडपून पेटला तर कापड करपतं, भिंग वितळतं आणि सेल रिकामा होतो. झाकण सैल करून बटण दाबून पाहा, पेटला नाही ना याची खात्री करा आणि मगच चेन लावा.